उंबऱ्यापासून सुरुवात: दिव्यांग व्यक्तीला व्यायामाला लावताना

फिजिओथेरपी शिकून नुकतेच तालुक्याला आलेले, शाळेतले पीटी मास्तर, आशाताई, तालमीतले वस्ताद, जिममधले ट्रेनर आणि ग्रामपंचायतीतले व्हीआरडब्ल्यू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात दिव्यांग माणसाच्या व्यायामाचा विषय निघाला की तो यांच्यापैकीच कुणाच्या तरी दारात येतो. कर्नाटकात ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो. हे कार्यकर्ते बहुतेक वेळा स्वतःच दिव्यांग असतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने गावात गेल्यावर पहिली गाठ त्यांची घ्यावी. कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते त्यांना तुमच्या फाइलीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

व्यायाम किती हवा, हे एकदा डोक्यात पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात दिव्यांगांचा पहिल्यांदाच वेगळा विचार झाला आणि आकडे इतरांसारखेच आले: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. मणक्याला इजा झालेल्यांसाठी २०१७ ची आंतरराष्ट्रीय शिफारस याहून सोपी आहे: आठवड्यातून दोनदा २० मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे तीन सेट. हृदय आणि साखर सांभाळायची असेल तर ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. हे आकडे म्हणजे मुक्काम आहे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटंही पुरतात, आणि पाच मिनिटं म्हणजे शून्य नव्हे.

नवख्याची चूक ठरलेली असते. तो रोगाचं नाव विचारतो, त्या नावाचा छापील तक्ता देतो आणि तक्ता कॅलेंडरच्या खिळ्याला लटकतो. व्यायाम माणसाच्या दिवसावरून ठरवायचा. सकाळी न्हाणीघरापर्यंत कसा जातो, उंबरा कसा ओलांडतो, घरातले शेतावर गेल्यावर एकटा किती वेळ असतो, यातून जो व्यायाम निघतो तोच टिकतो.

पहिली भेट: व्यायाम नाही, चौकशी

पहिल्या दिवशी एकही व्यायाम शिकवू नका. घरचे म्हणतील, “डॉक्टर, काहीतरी करून दाखवा की.” दाखवू नका. बसा आणि विचारा. बोलायचं त्या माणसाशी. चहा घेऊन आलेल्या सुनेला “यांना काय होतं?” असं विचारलं की पुढचे सहा महिने उत्तरं सूनच देते.

“मामा, एक काम असं सांगा, जे तुम्हाला परत स्वतःच्या स्वतः करायचंय.” हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर “चालायचंय” असं आलं तर खोदून विचारा: कुठपर्यंत? मारुतीच्या देवळापर्यंत, की परड्यातल्या संडासापर्यंत? पहिल्यासाठी दम हवा, दुसऱ्यासाठी उठबस आणि तोल.

मग औषधं मागून घ्या, सगळी पाकिटं, डब्यासकट. आपल्याकडे उपचार एका गावात आणि कागद दुसऱ्या गावात असतात. ऑपरेशन मिरजेला, गोळ्या बेळगावच्या, आणि मधूनच बंद केलेल्या. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी श्रमाच्या मानाने वाढत नाही, म्हणून अशा माणसाचा श्रम नाडीवरून मोजू नका. फिट येते का, आली तर शेवटची केव्हा? लघवीची नळी आहे का? अंगावर कुठे जखम आहे का? जखम विचारून कळत नाही, बघावी लागते: बसण्याची हाडं, माकडहाड, टाचा. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबूनही पांढरी पडत नसेल किंवा भार काढून अर्ध्या तासाने तशीच असेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर बसून करायचा व्यायाम तेव्हापासून बंद.

तीन मोजमापं घ्या आणि वहीत तारीख घालून लिहा. एक, बसल्या जागी पाच मिनिटं विश्रांतीनंतरचा रक्तदाब आणि नाडी. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांकडे. दोन, ४३ ते ४५ सेंटीमीटर उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं. आधाराशिवाय जमत नसेल तर “आधाराने ४” असं लिहा, शून्य लिहू नका. तीन, खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला किती सेकंद लागतात. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. व्हीलचेअरवाल्यांसाठी याऐवजी सहा मिनिटांत किती अंतर ढकललं ते मोजा. गल्लीतले विजेचे खांब मोजले तरी चालतं, फक्त दर वेळी तीच गल्ली हवी.

श्रम मोजायचा कसा

नाडी मोजायचा पट्टा, घड्याळ काही लागत नाही. हरिपाठातली किंवा आवडत्या अभंगातली ओळ म्हणायला सांगा. आरामात गाता येते: श्रम हलका. गाणं तुटतं पण गप्पा मारता येतात: मध्यम, इथेच बहुतेक वेळ राहायचं. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो: जोराचा. बोलण्यात अडचण असेल तर शून्य ते दहा बोटं दाखवायला सांगा: शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे सगळा जोर. सुरुवातीचे दोन आठवडे तीन-चारच्या वर जाऊ नका.

सीमाभागात आणखी एक अडचण असते, ती भाषेची. घरात मराठी, माहेर कन्नड, सांभाळणारी बाई कन्नड, असं सर्रास असतं, आणि दुखतंय हे माणूस स्वतःच्याच भाषेत सांगतो. म्हणून मराठीच येत असेल तरी चार शब्द शिकून घ्या: ‘ब्यानि’ म्हणजे दुखणं, ‘साक’ म्हणजे पुरे, ‘निधान’ म्हणजे सावकाश, ‘तलि तिरगतैति’ म्हणजे डोकं गरगरतंय. शेवटचं वाक्य कळलं नाही म्हणून माणूस पडू शकतो.

जागा आणि सामान

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर अंगणात काही करता येत नाही. अथणीकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर येत नाही. तेव्हा पहिल्यापासूनच व्यायाम सोप्यात, म्हणजे घरातल्या पुढच्या छपराखालच्या जागेत बसवा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद मोकळी जागा पुरे. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर लागते.

शहाबादी फरशी कोरडी असली तर चांगली, ओली झाली की घसरते. प्लास्टिकची खुर्ची तर अशा फरशीवर पाय फाकवून बसते. खुर्ची हातांची, लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. उंची कमी पडली तर घडी घातलेली घोंगडी बसण्याच्या जागी पसरा, पायांखाली विटा लावू नका. मोजे घालून व्यायाम नको. अनवाणी किंवा घट्ट बसणारी चप्पल, पण मधुमेही आणि संवेदना गेलेल्यांना अनवाणी मुळीच नाही.

वजनासाठी पाण्याची बाटली: एक लिटरची म्हणजे एक किलो, अर्ध्या लिटरची अर्धा. तीच बाटली कोरड्या वाळूने भरली तर साधारण दीड किलो होते, हे विसरून “एक किलोच आहे” म्हणत हातात देऊ नका. ताणायचा पट्टा म्हणून पंक्चरवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब चालते. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, दीड मीटर तुकडा धुऊन घ्या, दोन्ही हातांनी ताणून भेगा बघा आणि खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर दुहेरी गाठ मारून बांधा. मूळ लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त ताणायची नाही आणि चेहऱ्यासमोर तर कधीच नाही, कारण ट्यूब सुटली की थेट डोळ्यावर बसते. मुठीत ताकद नसेल तर हात बाटलीला क्रेप बँडेजने सैलसर गुंडाळा आणि दर पाच मिनिटांनी बोटांचा रंग बघा.

तालीम किंवा जिम जवळ असेल तर तिथे जाण्याची हौस मोडू नका. आपल्याकडे ‘तालमीत जातो’ म्हणण्याला एक मान आहे आणि तो मान उपचाराच्या खोलीत मिळत नाही. फक्त आधी पायऱ्या मोजा. जोतं ४५ सेंटीमीटर असेल तर एकास बारा या प्रमाणात रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो. दुकानापुढे टाकतात तशी एक मीटरची लोखंडी पाटी म्हणजे रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. दारं ९० सेंटीमीटर रुंद आहेत का, संडासात खुर्ची शिरते का, हेही तेव्हाच बघा. संडास वापरता येत नाही म्हणून पाणी न पिता व्यायामाला येणारी माणसं असतात, आणि चक्कर आल्यावर खापर व्यायामावर फुटतं.

पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे: रोज पाच-पाच मिनिटं दोनदा. बसल्या जागी हात फिरवणं, पाय जागच्या जागी उचलणं, खोल श्वास. चालता येत असेल तर सोप्यातल्या फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचे चार व्यायाम, प्रत्येकी आठ वेळा, एकच सेट: उठबस, ट्यूब मागे ओढणं, भिंतीवर हात टेकून जोर, बाटली कोपरातून उचलणं. तालमीत गेलेल्या जुन्या माणसाला ‘खुर्चीवरची बैठक’ आणि ‘भिंतीवरचा जोर’ असं सांगा, चेहरा खुलतो.

उठबस नीट शिकवा, कारण दिवसभरातलं निम्मं स्वावलंबन तिच्यावर आहे. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. पाय गुडघ्यांच्या मागे साधारण चार बोटं घ्यायचे. पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. बहुतेक जण इथेच कमी पडतात आणि मग हाताने खेचून उठतात. उठताना श्वास सोडायचा. बसताना तीन आकडे मोजत बसायचं, धपकन बसायचं नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा पूर्वी पक्षाघात झालेला असेल तर हे महागात पडतं. आकडे मोठ्याने मोजायला लावा, मोजताना श्वास रोखता येत नाही.

वाढवायचं कधी? दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवते. सकाळी उठल्यावर अंग नेहमीसारखं असेल तर ठीक. सांधा सुजला, थकवा उतरला नाही, किंवा रोजचं एखादं काम आज जमत नाही असं झालं तर कालचा डोस जास्त होता, तो निम्मा करा. सलग दोन वेळा सकाळ चांगली गेली तर एकच गोष्ट वाढवा: दोन फेरे किंवा दोन मिनिटं किंवा अर्धा किलो. दोन गोष्टी एकदम वाढवल्या तर बिघडलं कशामुळे ते कळत नाही. असं करत सहाव्या आठवड्याला बहुतेक जण दिवसाला १५ ते २० मिनिटांवर येतात. ३० मिनिटं गुणिले पाच दिवस म्हणजे १५० हा हिशेब त्यानंतरचा.

पक्षाघात

थांबायची खूण सगळ्यांना एकच: छातीत दुखणं, बोलताही येणार नाही असा दम, घेरी, नव्याने आलेली कमजोरी, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं. शेवटच्या तिन्हींपैकी काही दिसलं तर घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. पाय चोळत बसू नका.

उभं करताना तुम्ही कमजोर बाजूला, किंचित मागे उभे राहा. कमरेला रुंद सुती पंचा घट्ट बांधून तो धरा. कमजोर हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडून सांधा खाली उतरलेला असतो, एक झटका महिनाभर दुखवतो आणि दुखणाऱ्या खांद्याचा माणूस पुढे व्यायामाला तयार होत नाही. खिडकीला कप्पी बांधून चांगल्या हाताने कमजोर हात वर ओढायचा व्यायाम अजून घरोघर चालतो. तो बंद करा. पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, वर वळत नसताना हात डोक्यावर गेला की खांद्यात स्नायू चिमटतात. हात टेबलावर ठेवून फडक्याने पुढे-मागे पुसल्यासारखं करणं त्यापेक्षा सुरक्षित आणि उपयोगी.

उठबस करताना सगळा भार चांगल्या पायावर जातो. कमजोर पाऊल चांगल्यापेक्षा थोडं मागे ठेवा, भार आपोआप त्यावर येतो. गुडघा मुडपत असेल तर तुमचा गुडघा त्याच्या गुडघ्यासमोर टेकवून बसा.

उंबरा हा घरातला सगळ्यात चांगला व्यायाम आहे. दहा-बारा सेंटीमीटर उंच, दोन्ही बाजूंना चौकट धरायला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. दिवसातून दहा वेळा. दाराला ओली पायपुसणी असेल तर उचलून ठेवा.

मणक्याची इजा

इथे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून थोडं थांबून वाचा.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर एक प्रकार होऊ शकतो: अचानक डोकं ठणकणं, इजेच्या वरच्या भागात चेहरा-मान लाल होणं, घाम, आणि रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर. या माणसांचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसला की “नॉर्मलच आहे” म्हणून सोडून देण्याची चूक होते. म्हणूनच पहिल्या भेटीतला आकडा वहीत हवा. कारण बहुतेक वेळा खाली असतं: लघवीची नळी पिळवटलेली, पिशवी तुडुंब, पोट साफ नाही, जखम, किंवा पँटचा पट्टा घट्ट. करायचं ते या क्रमाने: ताठ बसवा, पाय खाली सोडा, आडवं करू नका, कपडे, पट्टा, बूट सैल करा, नळी अंगापासून पिशवीपर्यंत डोळ्याने तपासा, पीळ काढा, दर दोन ते पाच मिनिटांनी दाब मोजा. उतरत नसेल किंवा १५० च्या पुढे असेल तर लगेच रुग्णालयात, आणि तिथे “मणक्याची इजा आहे, नेहमीचा दाब शंभर” हे आधी सांगा. व्यायामाच्या आधी पिशवी रिकामी करण्याची सवय लावली तर यातलं बरंच टळतं.

अशा उंच पातळीच्या इजेत नाडी ११० ते १३० च्या वर सहसा जात नाही आणि इजेच्या खाली घाम येत नाही. अथणी, रायबागच्या उन्हात हे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. पहाटे किंवा सावलीत करा, मानेवर आणि हातांवर पाण्याचा फवारा मारा.

पंधरा-वीस मिनिटांनी एकदा पुढे वाकून, छाती मांड्यांकडे नेऊन दोन मिनिटं बुडाचा भार काढायचा. दोन्ही हातांवर अंग उचलून धरणं पाच-दहा सेकंदांच्या पुढे होत नाही आणि खांदे झिजवतं. खांदे इथे पायांचं काम करतात. खुर्ची ढकलण्याने छातीचे स्नायू आवळतात, म्हणून ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ट्यूब मागे ओढण्याचे दोन सेट ठेवा. खुर्ची ढकलताना लांब, संथ झोका. छोटे छोटे झटके नकोत. चाकात हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलीला जास्त जोर लागतो, तेव्हा आठवड्याला हवा तपासा.

पायांच्या बाबतीत दोन ताकीद. लुळ्या पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात. जोर लावून ताण देताना मांडीचं हाड मोडू शकतं आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. एक पाय अचानक सुजला, गरम लागला तर व्यायाम थांबवून तपासणी. दुसरं, मानेच्या इजेत ज्यांना मनगट वर उचलता येतं पण बोटं चालत नाहीत, ती माणसं मनगट उचलल्यावर आपोआप मिटणाऱ्या बोटांनीच पेला धरतात. मनगट आणि बोटं एकाच वेळी सरळ ताणून ‘मोकळी’ केलीत तर ती पकड गेली. नवख्या फिजिओच्या हातून होणारं हे सगळ्यात दुःखद नुकसान, आणि तेही चांगल्या हेतूने.

पोलिओ, कापलेला पाय, आणि बाकीचं

भारतातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यामुळे पोलिओचा पाय घेऊन तुमच्याकडे येणारा माणूस बहुधा मध्यमवयीन किंवा म्हातारा असतो. पन्नास वर्षं त्याने थोड्या स्नायूंवर जास्त काम काढलेलं असतं आणि आता नव्याने थकवा, दुखणं सुरू होतं. इथे ‘घाम गाळा’ उलटतं. थकण्याआधी थांबायचं, दोन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. मांडीवर हात देऊन चालणाऱ्याचा हात काढायला सांगू नका. तो हातच त्याचा गुडघा अडवून धरतो. तसंच टाच उचललेली असेल तर पोटरी ताणण्याआधी बघा, त्या ताठ टाचेवर गुडघा उभा असतो. आधी कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा), मग दुरुस्ती. निपाणीकडे विड्या वळत तासन् तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांना दर अर्ध्या तासाला पाय लांब करायला सांगितलं, तर तोही व्यायामच.

पाय कापलेल्याने गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. उशीने आराम वाटतो आणि सांधा वाकलेलाच राहतो, मग कृत्रिम पाय बसत नाही. त्याऐवजी दिवसातून दोनदा १५ ते २० मिनिटं पालथं झोपायचं. व्यायामानंतर कृत्रिम पाय काढून उरलेल्या पायाचं टोक आरशात बघायचं. साखरेमुळे पाय गेला असेल तर व्यायामाआधी साखर मोजा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना ९० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर देऊन थांबा, मग सुरू करा. दुसऱ्या पायाच्या तळव्याची तपासणी रोज.

दृष्टी नसलेल्याला हात धरून नेऊ नका, त्याला तुमचा कोपराच्या वरचा दंड धरू द्या. “इकडे, तिकडे” म्हणू नका, “तुझ्या डाव्या हाताला दोन पावलांवर भिंत” असं सांगा. धावायला अर्ध्या मीटरची दोरी दोघांच्या हातात. ऐकू न येणाऱ्याला आधी करून दाखवा, मग बोला, दोन्ही एकदम नको; आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, तुमचा चेहरा काळा दिसतो.

डाउन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. कोलांटउडी आणि शीर्षासन नाही. मान दुखणं, चाल बदलणं, नव्याने लघवी सुटणं यातलं काही दिसलं तर सगळं थांबवून डॉक्टर. जन्मतः हृदयदोषही यांच्यात बराच आढळतो, तो तपासून घ्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आखडलेल्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिल्याने ते आणखी आखडतात, हा जुना गैरसमज आहे; द्या, सावकाश द्या. झटका देऊन ताणू नका.

पीटी मास्तरांना एकच विनंती: पोराला गुण मांडायला बसवू नका. खो-खोत त्याच्यासाठी दोन खांबांतलं अंतर कमी करा, कबड्डीत त्याच्या वाट्याला रेषा जवळ आणा. चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली की खसखस वाजतो, दृष्टी नसलेलं पोरही झेलतं. डबा बांधून विहिरीत पोहणं ही आपल्याकडची जुनी तालीम आहे आणि पाण्यात अंग हलकं होतं हे खरं, पण ज्याला फिट येते त्याला विहीर नाही, आणि मणक्याच्या रुग्णाला खडबडीत पायऱ्यांवरून उतरवणं म्हणजे जखमेला बोलावणं.

आणखी एक गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण जिंकलं, ते युद्धात गोळ्या लागून अधू झाल्यावर. हे नाव अभिमानाने सांगा, पण उठबस सहावरून सातवर न गेलेल्या माणसाला टोचायला वापरू नका.

खंड पडतो तेव्हा

खंड पडणारच. रोप लावणीच्या दिवसांत घरात आधाराला कोणी नसतं, ऊसतोड आली की संध्याकाळी सगळे थकलेले, यात्रेच्या आठवड्यात पाहुणे. म्हणून प्रत्येकाला दोन याद्या द्या: एक नेहमीची, आणि एक ‘एकट्याची’, ज्यात बसून करायचे, पडण्याचा धोका नसलेले तीनच व्यायाम. खंड आठवड्याचा असेल तर तिथूनच सुरू करा. दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर निम्म्यावरून. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर दोन दिवस थांबून निम्म्यावरून.

सांभाळणारी माणसं प्रेमापोटी सगळं स्वतः करतात, पाणी तोंडाला लावतात. त्यांना “करू नका” म्हणण्यापेक्षा “दहा आकडे मोजा, तोवर हात लावू नका” सांगा, ते जमतं.

वही घरातच, कोनाड्यात ठेवायची, तुमच्या बॅगेत नाही. पहिल्या पानावर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: नाव, नेहमीचा रक्तदाब, चालू औषधं, काय करायचं नाही (कमजोर हात ओढू नका, आडवं करू नका, जे लागू असेल ते), आणि १०८. पुढच्या पानांवर रोज एक ओळ पुरे: “सोमवार. उठबस ६. श्रम ४. सकाळी खांदा ठीक.” तुमची बदली झाली किंवा गावचा व्हीआरडब्ल्यू बदलला, की नव्याने येणारा शेवटची ओळ वाचून तिथून पुढे करेल.